पृष्ठवंशी प्राण्यांचे वर्ग आणि देवगांडुळाचे स्थान

कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, पावसाळ्याच्या दिवसांत, ओल्या मातीत अथवा कुजलेल्या पाल्याखाली एक लांबट, पाय नसलेला व अंगावर कडी असलेला प्राणी आढळतो. त्यास देवगांडूळ असे म्हणतात. कड्यांमुळे काही लोक त्याला मोठे गांडूळ समजतात, तर पुष्कळजण साप मानून ठार मारतात. वस्तुतः तो गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाचा आप्त होय. हा निर्णय कोणत्या लक्षणांवरून केला जातो हे पाहू गेल्यास पृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणाचे तत्त्वच स्पष्ट होते.

पाठीचा कणा असलेले व नसलेले असा प्राण्यांचा भेद फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १८०० च्या सुमारास रूढ केला. पृष्ठवंशी प्राण्यांच्या आज ७०,००० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या माशांच्या आहेत. या सर्वांत काही लक्षणे समान असतात. मेंदू कवटीत सुरक्षित असतो. मज्जारज्जू पोकळ असून पाठीच्या बाजूस असतो, तर हृदय पोटाच्या बाजूस असते. गर्भावस्थेत पृष्ठरज्जू नावाचा लवचिक दंड उत्पन्न होतो व पुढे बहुतेकांत त्याची जागा मणक्यांची माळ घेते. गांडुळात याच्या उलट स्थिती असते : त्याचा मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूस असतो आणि हाडांचा तर मागमूसही नसतो.

परंपरेने पृष्ठवंशी प्राण्यांचे पाच वर्ग मानले जातात. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, परांच्या साहाय्याने पोहतात आणि बहुतेकांच्या हृदयास दोनच कप्पे असतात. शार्क व पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा, तर रोहू व पापलेट यांचा हाडांचा असतो. उभयचरांची त्वचा ओलसर व ग्रंथियुक्त असून श्वसनास तीही साहाय्य करते. त्यांचे हृदय तीन कप्प्यांचे असते आणि त्यांच्या अंड्यास कवच नसल्यामुळे त्यास ओलाव्याची गरज असते. सरीसृपांची त्वचा कोरडी व खवल्यांची असते. त्यांच्या अंड्यातील गर्भाभोवती उल्ब नावाचे द्रवाने भरलेले आवरण असते. गर्भास स्वतःचे पाणी असे अंड्यातच मिळू लागल्यामुळे या प्राण्यांची वाढ जलाशयावर अवलंबून राहिली नाही. पक्ष्यांना पिसे व सस्तन प्राण्यांना केस असतात. दोहोंचे हृदय चार कप्प्यांचे असून ते शरीराचे तापमान स्थिर राखतात. पिलांस दूध पाजणे हे सस्तनांचे मुख्य लक्षण होय. उंदीर काय किंवा जिराफ काय, दोघांच्याही मानेत सातच मणके असतात.

आता देवगांडुळाकडे वळू. त्याचे शवविच्छेदन केल्यास कवटी, जबडे, दात आणि मणक्यांची लांब माळ दिसते. कित्येक जातींत मणके शंभराहून अधिक असतात. त्यामुळे तो पृष्ठवंशी आहे याविषयी शंका उरत नाही. तो साप असावा काय? लिनीयसने १७५८ साली त्यास सापांतच गणले होते. परंतु त्याची त्वचा ओलसर व ग्रंथियुक्त असते, आणि अंड्यास कवच नसते व उल्बही नसतो. इक्थिओफिस या प्रजातीतील मादी पाण्यानजीकच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून राहते. अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ पाण्यात वाढतात व नंतर जमिनीवर येतात. दुसऱ्या काही प्रजातींत डिंभावस्था नसते. जमिनीखालील जीवनामुळे त्याचे डोळे अत्यंत लहान झाले असून डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शेंद्रिय असते. हे इंद्रिय ना सापास, ना बेडकास. तात्पर्य, सापाशी असलेले त्याचे साम्य हे सारख्या राहणीचे फळ आहे, नात्याचे नव्हे.

या प्राण्यांविषयीच्या ज्ञानात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. एडवर्ड टेलर यांनी १९६० साली खंडाळ्याच्या नमुन्यांवरून इंडोटायफ्लस बॅटर्सबाय या जातीचे वर्णन केले. २००३ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथून गेगेनिओफिस डॅनिएली ही नवी जाती नोंदली गेली. भूमिगत राहणीमुळे हे प्राणी क्वचितच दृष्टीस पडतात, म्हणून अशा नोंदींचे मोल विशेष आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वर सांगितलेले पाच वर्ग अभ्यासास सोयीचे असले, तरी ते सर्व वंशदृष्ट्या सारखेच एकसंध नाहीत. फुप्फुसमीन हा मासा म्हणविला जातो. तथापि त्याचे नाते पापलेटपेक्षा चतुष्पादांशी अधिक निकटचे आहे. तसेच सुसर ही सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. म्हणून अर्वाचीन वर्गीकरणात समान पूर्वजापासून झालेल्या उत्पत्तीस प्राधान्य देतात. या कसोटीस पक्षी व सस्तन हे दोन वर्ग पूर्णपणे उतरतात. मत्स्य व सरीसृप हे शब्द मात्र सोयीपुरतेच वापरावे लागतात.

नावे बाह्यरूपावरून पडतात आणि व्यवहारात तीच टिकतात. देवमासा मासा नव्हे, आणि खवल्या मांजर हे खवले असूनही सस्तन प्राणी आहे. त्यांच्या नावांतील चूक निरुपद्रवी म्हणता येईल. देवगांडुळाच्या बाबतीत मात्र ती त्याच्या जिवावर बेतते. या प्राण्यापासून माणसास धोका नाही. गांडुळे, वाळवी व इतर कीटक हे त्याचे भक्ष्य होय आणि मातीतील जीवसृष्टीच्या व्यवहारात त्यालाही स्थान आहे. शेतात अथवा अंगणात असा प्राणी दिसल्यास त्याची त्वचा क्षणभर निरखून पाहावी. ती खवल्यांनी मढलेली व कोरडी नसून ओलसर व कड्याकड्यांची असेल, तर हातातील काठी खाली ठेवावी. वर्गीकरणाचे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर उपयोगी पडते ते असे.