सूर मागे उरतो (लेखांक ९) : शोकाला तारीख लागते

रफीसाहेब या आठवड्यात नाहीत. ३१ जुलै १९८०ला ते गेले, त्यानंतरच्या त्या भर पावसातल्या अंत्ययात्रेवर लिहायचं म्हणून टिपणं काढून ठेवली होती. पण हिंजवडीहून एक पत्र आलं आणि त्याला आधी उत्तर द्यावंसं वाटलं.

पत्र लिहिणारी मुलगी फेज दोनमधल्या एका कंपनीत आहे. १६ डिसेंबर २०२४च्या सोमवारी सकाळी ती कंपनीच्या बसमध्ये होती. झाकीर हुसेन गेल्याची बातमी रविवारी रात्री आली, मग कुटुंबीयांनी ती नाकारली आणि सकाळी ती खरी ठरली. बसमध्ये ज्याच्या त्याच्या फोनवर तोच चेहरा होता. वाकडचा पूल मागे पडला तरी कुणी कुणाशी बोललं नाही. साडेनऊची मीटिंग ठरल्याप्रमाणे झाली. ती लिहिते, ‘काका, तुम्ही सांगता तशी अंत्ययात्रा आमच्या वाट्याला येत नाही. त्यांचं दफनही तिकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ झालं. मग आम्ही हे सगळं नेऊन ठेवायचं कुठं?’

माझं मत सरळ सांगतो. अंत्ययात्रा चुकली म्हणून रसिकाचं फार काही चुकत नाही. गेल्या लेखांकात आपण शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार पाहिले. त्या दिवशी दुःख घरच्यांचं असतं आणि मानवंदना सरकारची. ज्यानं आयुष्यभर ऐकलं त्याला तिथं करण्यासारखं काही नसतं. तो लांबून हात जोडतो आणि घरी येतो. ऐकणाऱ्याचा शोक ऐकण्यातूनच पुरा व्हायला हवा आणि त्याला वेळ लागतो. त्याला तारीख लागते.

हे झाकीरभाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. त्यानंतर वर्षानुवर्षं ३ फेब्रुवारीला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात ‘अब्बाजीं’ची बरसी व्हायची. भल्या पहाटे सुरू झालेलं वादन रात्रीपर्यंत चालायचं. त्यात मोठे कलावंत असत, परदेशी तालवाद्यं असत आणि शिकणारी मुलंही असत. भाषणाला फारशी जागाच नसायची.

आता माझ्या लाडक्या विषयावर येतो, किराणा घराण्यावर. उस्ताद अब्दुल करीम खाँ पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला, तंबोरा लावून दरबारीत आळवणी केली आणि तिथंच डोळे मिटले, असं सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबर १९३७चा. एवढ्या मोठ्या गवयाच्या अखेरीला गर्दी म्हणावी तर ती नव्हती. दफन मिरजेत झालं, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. पण मिरजेनं ती उणीव भरून काढली. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी गवई येतात आणि हजेरी लावतात. कित्येक नामवंत तिथं चिंचेच्या झाडाखाली बसून गायले आहेत.

त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. ते १२ सप्टेंबर १९५२ला पुण्यात गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूची पुण्यतिथी गाऊन साजरी करायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचं वय ३१ होतं. आपण ज्याला नुसतं ‘सवाई’ म्हणतो, ज्याच्या तिकिटांसाठी हिंजवडीतली मुलं रजा टाकतात, तो मुळात श्राद्धाचा कार्यक्रम आहे! खाण्याचे स्टॉल, पुस्तकं, ओळखीपाळखी या सगळ्यात ते विसरायला होतं. आणि ते विसरलं तरी बिघडत नाही. शोकाला इतकी वर्षं टिकायचं असेल तर त्यात खाणंपिणंही लागतं.

खरी गोष्ट घडते ती अगदी शेवटी. अनेक दशकं सांगतेची मैफल भीमसेनजींची असे. त्यानंतर कुणीच गायचं नाही. मग ध्वनिक्षेपकावर सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीची जुनी तबकडी लागते, तीन-साडेतीन मिनिटांची. खरखर तशीच असते. मंडपात हजारो माणसं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी या माणसाला पाहिलेलंही नाही. हीच ठुमरी आज फोनवर कुणालाही मिळते. पण बसमध्ये कानात यंत्र घालून ती ऐकणं वेगळं आणि दिवसचे दिवस ताजं गाणं ऐकल्यावर, शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून ऐकणं वेगळं. मधल्या काळात त्या गळ्यातून काय काय उगवलं ते कानांत ताजं असतं. मूळ आवाज शेवटी येतो आणि सगळं त्याच्याशी जुळतं.

२४ जानेवारी २०११ला भीमसेनजी, म्हणजे रसिकांचे ‘अण्णा’, गेले. संध्याकाळी वैकुंठात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि त्याच वर्षीपासून महोत्सवाच्या नावात सवाई गंधर्वांच्या पुढे त्यांचं नाव आलं. म्हणजे ज्यानं गुरूचा शोक इतकी वर्षं वाहिला, त्याचा शोकही त्याच मंडपात आला. तेव्हापासून तिथं एक वाक्य हमखास ऐकू येतं. कुणीतरी शुद्ध कल्याण चांगला मांडतो, टाळ्या पडतात आणि मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणतात, ‘छान, पण अण्णांसारखं नाही.’ तरुण गायकांना ते लागतं, हे मला माहीत आहे. पण ती कुरकुर समजू नये. आजोबा रडत नाहीत, तुलना करतात. त्यांचा शोक असाच बाहेर पडतो. त्यासाठी समोर दुसरा कुणीतरी गात असावा लागतो. म्हणून नुसत्या शोकसभेत हे होत नाही.

झाकीरभाई गेले त्याच आठवड्यात, बुधवारी १८ तारखेला, मुकुंदनगरला सवाई सुरू झाला. म्हणजे पत्रलेखिकेला जागा होती, पण आठवड्यातल्या दुपारी हिंजवडीहून मुकुंदनगरला पोचणं म्हणजे काय हे तिथं राहणाऱ्यालाच कळतं. तिची अडचण खरी आहे.

मात्र तिच्या ऑफिसपासून जवळच एक गोष्ट आहे. हिंजवडी हे मुळात म्हातोबाचं गाव; आयटी पार्क नंतर आलं. गावठाणात, माणला, मारुंजीला घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दशक्रियेला प्रवचन ठेवतात आणि वर्षाला ‘प्रथम पुण्यस्मरणा’चं कीर्तन. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर कीर्तनकाराचं नाव ठळक असतं. टाळकरी उभे राहतात, पखवाज लागतो, गाव जेवतं. वर्षभर थांबून, तारीख धरून, गाण्यातून माणसाची आठवण काढायची, हे त्या रस्त्यावर आजही चालू आहे. काचेच्या इमारतीतल्यांनी ते फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय.

तेव्हा माझी सूचना अशी. १५ डिसेंबर ही तारीख धरा. सोसायटीचं क्लबहाउस मागा. इतक्या घरांत तबला शिकणारं कुणी ना कुणी असतंच. त्याला तीनतालात पेशकार आणि एखादा कायदा वाजवायला सांगा, लेहऱ्याला पेटी घ्या. हात अडखळला तरी वाजवू द्या. मग झाकीरभाईंचं एखादं पूर्ण एकल वादन सगळ्यांनी मिळून ऐका, फोन बाजूला ठेवून. आणि गावातल्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याला आवर्जून बोलवा. अल्लारखा-झाकीर यांचं पंजाब घराणं पखवाजाच्याच मुशीतलं आहे, त्यामुळे तो मान त्याचाच. कार्यक्रम रात्री दहाच्या आत आटपावा लागेल, म्हणून सुरुवात मात्र वेळेवर करा.