भारताने तांदूळ अडवला अन् सेनेगलचा भात महागला. जगात धान्याचे भाव असे का भडकतात?

जुलै 2023 मध्ये काही व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत झुंबड उडालीये आणि लोक तांदळाच्या बॅगा गाडीत कोंबतायत. काही दुकानांनी तर एका कुटुंबाला एकच बॅग, अशा पाट्या लावल्या होत्या.

झालं असं होतं की, 20 जुलैला भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात तांदळाचे किरकोळ भाव वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी वाढले होते, अल निनोची भीती होती आणि पुढच्या वर्षी लोकसभा निवडणूक होती. सरकारने यातलं पहिलं कारण सांगितलं.

आता एका देशाने दार लावल्यावर जगाला एवढा घाम का फुटावा?

कारण तांदूळ जिथे पिकतो, बहुतेक तिथेच खाल्ला जातो. जगातल्या एकूण उत्पादनापैकी जेमतेम दहा टक्के तांदूळ देशाची सीमा ओलांडतो. त्या थोड्याशा मालातला साधारण 40 टक्के एकट्या भारताचा. म्हणजे जगाच्या शेतात तांदूळ भरपूर असला, तरी विकत घ्यायला गेलेल्या देशाला तो मिळेलच असं नाही. ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ निर्देशांक 15 वर्षांच्या उच्चांकावर गेला.

याचा खरा चटका न्यू जर्सीला बसत नाही, तो बसतो पश्चिम आफ्रिकेला. सेनेगलचंच घ्या. तिथे लोक आवडीने तांदळाची कणी खातात. फ्रेंच राजवटीत इंडोचायनातून स्वस्त कणी तिकडे यायची, तीच जिभेला लागली. आपल्याकडे कणी बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. हेच खाद्य महागलं म्हणून भारताने सप्टेंबर 2022 मध्येच कणीची निर्यात थांबवली होती. थोडक्यात, आपल्या कोंबडीचा आणि डाकारमधल्या जेवणाचा माल एकच. नंतर सरकारी पातळीवर सेनेगलला काही कोटा दिला गेला, पण मोकळा व्यापार बंदच राहिला.

श्रीमंत घरात भात महागला तर हॉटेलची एखादी फेरी कमी होते. ज्या घराची निम्मी कमाई जेवणावरच जाते, तिथे आधी डाळ जाते, मग भाजी, मग एक वेळचं जेवण.

2008 मध्ये तर याहून वाईट झालं होतं. तेव्हा जगात तांदळाचं पीक चांगलं होतं, तरी थायलंडच्या तांदळाचा भाव काही महिन्यांत टनाला 400 डॉलरच्या आसपासवरून 1000 डॉलरवर गेला. भारत आणि व्हिएतनामने निर्यात आवळली आणि घाबरलेल्या फिलिपिन्सने मिळेल त्या भावाने खरेदी सुरू केली. ते बघून बाकीचेही साठा करायला लागले. शेवटी जपान आपल्या गोदामातला आयात केलेला तांदूळ बाजारात आणणार, अशी बातमी आली आणि माल बोटीत चढायच्या आधीच भाव उतरायला लागले. इतर कारणंही होती, पण भीती किती महाग पडते ते यावरून कळतं.

मग सरकारने देशातल्या लोकांचं आधी बघू नये का? बघायलाच हवं, 80 कोटी लोकांना रेशन द्यायचंय. पण 2023 मध्ये सरकारी गोदामात तांदूळ बफरच्या निकषापेक्षा जास्त होता. शिवाय निर्यातबंदीने शहरातला भाव खाली येतो तो शेतकऱ्याच्या खिशातून. पंजाबच्या भातउत्पादकाला निदान हमीभावाने सरकारी खरेदीचा आधार आहे. नाशिकच्या कांद्याला तोही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरपासून मे 2024 पर्यंत थेट बंदी, हे लासलगावने त्याच काळात भोगलं.

पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. भारताचा माल बाजारात परत आला, पीकही भरपूर आलं आणि 2025 मध्ये जागतिक भाव कोसळले. इतके की, 2008 मध्ये तांदळासाठी वणवण करणाऱ्या फिलिपिन्सने आपल्या शेतकऱ्यांना वाचवायला त्याच वर्षी सप्टेंबरपासून तांदळाची आयातच थांबवली.