पाच रुपयांचा पुडा

कोणत्याही गावातील किराणा दुकानापुढे संध्याकाळी पंधरा मिनिटे उभे राहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. साखर पाव किलो, तूरडाळ अर्धा किलो असे वजन सांगून माल मागणारे गिऱ्हाईक बंद पाकिटातील वस्तूकडे वळले, की वजनाची भाषा विसरते आणि पैशांची भाषा बोलू लागते. ‘पाचचा बिस्किटांचा पुडा द्या’, ‘दहाची चहाची पुडी द्या’, ‘शांपूच्या दोन रुपयांच्या दोन पुड्या द्या’. पुड्यात किती ग्रॅम माल आहे हे गिऱ्हाईक विचारीत नाही आणि दुकानदार सांगत नाही. पुडा मात्र वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो. बदलते ते एवढेच, की तो दरवेळी हातात थोडा हलका लागतो.

या साध्या व्यवहारात दोन निर्णय दडलेले आहेत. एक घेणाऱ्याचा आणि दुसरा विकणाऱ्याचा. हे दोन निर्णय प्रत्यक्षात कसे घेतले जातात हे पाहिले, तर ‘भाव स्थिर आहे’ या वाक्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न उभा राहतो.

पुस्तकातील माणूस आणि दुकानातील माणूस

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात विद्यार्थ्याला जो ग्राहक भेटतो, तो मोठा हिशेबी गृहस्थ असतो. प्रत्येक वस्तूवर खर्च केलेल्या शेवटच्या रुपयापासून सारखेच समाधान मिळावे अशा बेताने तो आपले उत्पन्न वाटतो. त्याच्यासमोर उभा असलेला उत्पादकही तितकाच हिशेबी असतो. शेवटच्या नगाचा खर्च आणि त्यापासून मिळणारी प्राप्ती जेथे जुळते, तेथे तो उत्पादन थांबवितो. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० मधील ग्रंथापासून ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आणि विचाराला शिस्त लावण्याचे साधन म्हणून तिचे मोल आजही आहे.

तथापि खरे व्यावसायिक असेच वागतात काय, हे त्यांनाच विचारावे असे ऑक्सफर्डमधील काही अर्थशास्त्रज्ञांच्या मनात आले. हॉल व हिच या दोघांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखासाठी ३८ उद्योजकांकडे चौकशी करण्यात आली होती. बहुसंख्य उद्योजकांच्या उत्तरांत सीमान्त खर्चाचा पत्ता नव्हता. एकूण खर्च काढायचा, त्यावर रूढ नफा चढवायचा आणि ठरलेली किंमत शक्यतो हलवायची नाही, अशी त्यांची साधी रीत होती. पुढे हर्बर्ट सायमन यांनी या निरीक्षणाला सिद्धान्ताचे रूप दिले. माणसाजवळ वेळ थोडा असतो, माहिती अपुरी असते आणि हिशेब करण्याची शक्तीही मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय धुंडाळीत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय हाती लागला की थांबतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुकानातील ‘पाचचा पुडा’ हा अशाच थांबण्याचा नमुना होय. रोज मजुरी मिळविणाऱ्या कुटुंबाचा विचार करावा. संध्याकाळी हाती आलेल्या पैशांतून तेल, तांदूळ, भाजी घेतल्यावर जे नाणे उरते, त्यातच मुलाचा खाऊ बसवावा लागतो. अशा आईला किलोमागे भाव किती पडतो हा हिशेब ठाऊक नसतो असे नव्हे. परंतु तिच्यापुढचा प्रश्न ‘उरलेल्या पाच रुपयांत काय येईल’ एवढाच असतो. महिन्याचे वाणसामान एकदम भरणाऱ्या नोकरदाराला ही अडचण नाही. तरीही सवयीने तोही छापील किमतीकडेच पाहतो.

नाण्याची सत्ता

किमतीवर नाण्याची सत्ता किती चालते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत सापडते. कोका-कोलाचा एक पेला १८८६ साली पाच सेंटना विकला जाई आणि पुढे तिच्या साडेसहा औंसांच्या बाटलीची किंमतही १९५० च्या दशकापर्यंत पाच सेंटच राहिली. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, महामंदी येऊन गेली. किंमत हलली नाही. याचे एक कारण असे, की पेयाची विक्रीयंत्रे पाच सेंटचे एकच नाणे स्वीकारीत. किंमत वाढवायची तर एकदम दुप्पट, म्हणजे दहा सेंट करावी लागली असती. अखेर १९५३ साली कंपनीचे सूत्रधार रॉबर्ट वुड्रफ यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचे नवे नाणे काढण्याची विनंती केली. तसे नाणे निघाले नाही.

भारतातील उत्पादकासमोरही हीच भिंत आहे. पाच रुपयांच्या वर व्यवहारात सोयीची पायरी दहाची. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आणि पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू असले तरी हातात क्वचितच येते. त्यातच बाजारात एकासारखे एक चार-पाच पुडे शेजारी मांडलेले असतात. एकाने किंमत पाचाची सहा केली, तर गिऱ्हाईक शेजारच्या पुड्याकडे वळणार. उलट एकाने किंमत उतरविली, तर बाकीचेही उतरविणार आणि कोणाच्याच पदरात जास्त विक्री पडणार नाही. थोड्या विक्रेत्यांच्या बाजारात किमती गोठून का राहतात याची ही उपपत्ती हॉल व हिच यांनी आणि अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी, १९३९ सालीच, स्वतंत्रपणे मांडली होती.

परंतु गहू, साखर, पामतेल यांचे भाव गोठत नाहीत. ते चढले की उत्पादकाला दुसरे दार शोधावे लागते आणि ते वजनाचे असते. पन्नास ग्रॅमचा पुडा चाळीस ग्रॅमचा झाला, तर वजन वीस टक्क्यांनी घटले असे दिसते. किंमत किती वाढली? किलोचा भाव शंभर रुपयांवरून सव्वाशे रुपयांवर गेला, म्हणजे वाढ पंचवीस टक्क्यांची झाली. हाच पुडा पाचाऐवजी सव्वासहा रुपयांना विकला असता, तर दुकानापुढे कुरबुर झाली असती. वजन घटले तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते, असे डॅनियल कानेमन व अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिले. येथे त्यात एवढीच भर घालावी लागेल, की तोटा जाणवण्यासाठी तो आधी दिसावा लागतो. खिशातून जादा गेलेला रुपया दिसतो. पुड्यातून गेलेली दोन बिस्किटे दिसत नाहीत.

कर घटला तेव्हा

नाण्याची ही सत्ता २२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वांच्या नजरेस आली. त्या दिवसापासून बिस्किटे, शांपू, साबण अशा अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्यातील करविरहित किंमत सुमारे ४ रुपये २४ पैसे होती. तिच्यावर पाच टक्के कर धरल्यास पुडा ४ रुपये ४५ पैशांना मिळावयास हवा होता. पण पंचावन्न पैसे परत कोणत्या नाण्यांत द्यायचे? काही उत्पादकांनी अशा विषम किमती खरोखरीच छापल्या, काहींनी किंमत तीच ठेवून वजन वाढविण्याचा मार्ग धरला. हिशेबाने पाहता करकपातीचा पूर्ण लाभ वजनरूपाने द्यायचा तर पुडा सुमारे साडेबारा टक्क्यांनी जड व्हावयास हवा. तो तेवढा झाला की नाही, हे ताडण्यासाठी ग्राहकाला जुन्या पुड्याचे वजन आठवत असले पाहिजे. ते किती जणांना आठवत होते?

मोबाइलवरून पैसे देणाऱ्याला ४ रुपये ४५ पैसे देणे अवघड नाही, हे खरे. पण ज्याच्यासाठी लहान पुडा निघाला, त्या गिऱ्हाइकाच्या हातात बहुधा नाणेच असते. सुट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची दुकानदारांची रीतही जुनीच आहे.

लहान पुडी नेहमीच महाग नसते

यावरून लहान पाकीट म्हणजे लबाडी असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. शांपूची लहान पुडी सामान्यांच्या घरी पोहोचविण्यात दक्षिणेकडील छोट्या उद्योजकांचा वाटा मोठा होता. तामिळनाडूतील कडलूर येथे १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी सुरू केलेल्या व्यवसायाचा ‘चिक’ शांपू अशा पुड्यांच्या बळावर खेड्यापाड्यांत गेला. जी वस्तू बाटलीच्या किमतीमुळे श्रीमंतांपुरती होती, ती मजुराच्या न्हाणीघरात आली. आणि गंमत अशी, की भारतात शांपूचा दर पुडीत अनेकदा बाटलीपेक्षा कमी पडतो. पुडी घेणारा रोज नव्याने निवड करतो आणि त्याच्यासाठी स्पर्धा तीव्र असते. बाटली घेणारा एकदा घेतो आणि दोन महिने विसरतो. मोठे पाकीट स्वस्तच असणार, असे गृहीत धरणाऱ्या सुशिक्षित मध्यमवर्गीयाने हा हिशेब अवश्य करून पाहावा. त्याचीही निवड डोळसपणाची नसून सवयीची आहे, असे त्याला आढळेल.

उत्पादकाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निव्वळ वजन पुड्यावर छापलेले असते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तेथे फसवणूक नाही. खर्च वाढल्यावर तो कोठून तरी भरून काढावा लागतो आणि पाचाच्या नाण्यापलीकडे न जाण्याची मागणी गिऱ्हाइकाचीच असते. प्रश्न वजन कमी करण्याच्या हक्काचा नसून ते गुपचूप कमी करण्याचा आहे.

कायदा कोठवर पोहोचला?

वजनमापांच्या १९७६ च्या कायद्याखाली १९७७ साली आवेष्टित वस्तूंचे नियम झाले. त्यांची जागा पुढे २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा व २०११ चे नियम यांनी घेतली. चहा, बिस्किटे, साबण, खाद्यतेल अशा ठराविक वस्तू कोणत्या वजनांच्या पाकिटांत विकाव्यात याची अनुसूची या नियमांत होती. ही अनुसूची २०२१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅममागे वा किलोमागे पडणारी किंमत, छापण्याचे बंधन आले. तत्त्वतः ही सुधारणाच म्हणावी लागेल. वजन कोणतेही असो, भाव तुलनेसाठी समोर असावा, ही कल्पना योग्य आहे.

पण एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ही किंमत ग्रॅममागे छापली जाते. वरच्या उदाहरणातील पुड्यावर ती दहा पैशांची साडेबारा पैसे होईल. अडीच पैशांचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरणार? हाच भाव किलोमागे छापला, तर शंभर आणि सव्वाशे हे आकडे समोरासमोर येतील. गिऱ्हाइकाला ज्या मापाची सवय आहे त्याच मापात माहिती दिली, तरच ती माहिती उपयोगी पडते.

दुसरा उपाय फ्रान्सने करून पाहिला आहे. तेथे १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, किंमत न घटविता ज्या मालाचे वजन कमी केले आहे त्याच्याजवळ तशी सूचना दोन महिने लावावी लागते. भारतातील किराणा दुकानदारावर असा भार टाकणे व्यवहार्य नाही. मात्र वजन घटविल्यावर पहिले काही महिने ‘पूर्वीचे वजन पन्नास ग्रॅम, आताचे चाळीस ग्रॅम’ एवढी ओळ पुड्याच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत छापण्याचे बंधन उत्पादकावर घालता येईल. ‘वीस टक्के जादा’ ही अक्षरे ज्या आकारात छापली जातात, त्याच आकारात ‘वीस टक्के कमी’ हीही छापली जावीत, एवढीच ही मागणी आहे.

नियम होईपर्यंत ग्राहकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारपाजारची कुटुंबे एकत्र करून महिन्याची यादी घाऊक दराने भरण्याचा जो प्रयोग चालविला, त्याचे मर्म हेच होते, की एकट्या घराला न परवडणारा हिशेब दहा घरांना मिळून करता येतो. शाळेतील गणिताच्या तासाला दोन पुड्यांचे किलोमागचे भाव काढून पाहण्यास कोणा शिक्षकाला परवानगीही लागणार नाही. मुले तो हिशेब घरी घेऊन जातील, आणि पाचचा पुडा मागताना ‘किती ग्रॅमचा?’ हा दुसरा प्रश्नही दुकानात विचारला जाऊ लागेल.