बोरूचा वेग आणि मागाचा धागा

सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर या मुलखातील जुन्या सनदा, कौलनामे आणि जमाखर्चाचे कागद ज्यांनी रुमाल सोडून पाहिले असतील, त्यांना मोडी लिपीची रीत सांगावयास नको: कारकून आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. हे सौंदर्य कुणी अलंकार म्हणून घडविलेले नव्हते. ते दरबारी कामाच्या निकडीतून उपजले होते. आज ज्यांना आपण सुलेखनशैलीचे फाँट म्हणतो, त्यांचा डौलही हाताच्या अशाच वेगातून येतो, आणि तो वेग साच्यात कसा उतरवावा हीच त्यांच्या कर्त्यांची खरी विवंचना असते.

शिशाच्या खिळ्यांना हे काम फार जड गेले. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांनी छापला गेला खरा. परंतु जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने पुढे ज्या टाइपाने कीर्ती मिळविली, तो बाळबोधाचा, म्हणजे देवनागरीचा होता. खिळा आपल्या चौकटीपुरता स्वतंत्र. शेजारी कोणते अक्षर येईल त्याप्रमाणे त्याला वळण बदलता येत नाही. संगणकाच्या फाँटात मात्र एकाच अक्षराची अनेक रूपे साठवून, शेजार पाहून त्यांतले योग्य ते योजण्याची तजवीज करता येते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्याच्या पुष्कळ आधीपासून सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी यांच्या संयोगातून ‘मुक्तलिपी’चे प्रयोग चालविले होते. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपे छाटतात, म्हणून जाड-बारीक रेषांची जागाही उलटते. इंग्रजी वळण उचलून बेतलेली पुष्कळशी ‘लपेटदार’ अक्षरे डोळ्यांना उपरी वाटतात, याचे कारण माझ्या मते येथेच आहे.

लग्नपत्रिकेत वधूवरांची नावे सुलेखनशैलीच्या अक्षरांत शोभतात. मुहूर्त, कार्यस्थळ आणि निमंत्रकांची लांबलचक यादी साध्या बाळबोधातच असावी, नाही तर पाहुणे भलत्याच मंगल कार्यालयात जातील. सोलापुरी चादरीवर अशी अक्षरे विणण्याची गोष्ट आणखी कठीण. जेकार्ड मागासाठी आकृती आधी आलेखाच्या कागदावर मांडावी लागते, आणि तेथला प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याचा एक छेद. त्यामुळे अक्षराचे वळण पायऱ्यापायऱ्यांचे होते आणि बोरूच्या उचललेल्या टोकाची केसासारखी रेषा धाग्यात पार बुडून जाते. चादरीच्या काठावर नाव विणावयाचे तर अक्षर थोराड, ठसठशीत आणि कमी गिरक्यांचे घ्यावे लागते. छापील पत्रिकेचा फाँट जसाच्या तसा मागावर चढविणे हा शुद्ध अविचार होय.

दुकानाच्या पाट्यांवर मात्र या शैलीला सोलापुरात एक अनुकूलता आहे, जी पुण्यास नाही. पद्मशाली विणकरांची तेलुगू आणि शेजारची कन्नड या दोन्ही लिप्या स्वभावतः गोलाईच्या. त्यांच्याशेजारी काटकोनी देवनागरीपेक्षा मोडीच्या वळणाची देवनागरी अधिक सलगीने नांदते, आणि पाटी रंगविणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.