टीपसुद्धा ताणली पाहिजे

अकरावीतल्या मुलासाठी घरी शिवलेला पहिला टी-शर्ट त्याने हौसेने डोक्यातून ओढला आणि गळ्याशी टर्रकन आवाज झाला. कापडाला काही झालं नव्हतं, दोराही चांगला होता. तुटली होती फक्त टीप. परकर, झबली, उशांचे अभ्रे शिवताना वर्षानुवर्षं टिकलेली सरळ टीप इथेच का तुटावी? त्याचं उत्तर कापडातच होतं.

अंगातल्या टी-शर्टची कड डोळ्यांजवळ धरून पाहा. बाहेरून बारीक ‘व्ही’च्या उभ्या रांगा दिसतील, आतून आडव्या लाटा. स्वेटर विणणारी कुणीही हे लगेच ओळखेल: एका बाजूने सुलट, दुसऱ्या बाजूने उलट. होजिअरीचं कापड म्हणजे अगदी बारीक धाग्याचं, यंत्रावर केलेलं विणकामच. विल्यम ली या इंग्रजाने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं, तिथून ही वाट सुरू झाली. आज आपल्याकडे तिरुप्पूर या कापडासाठी प्रसिद्ध आहे.

पॉपलिनमध्ये उभे-आडवे धागे जवळजवळ सरळ बसलेले असतात. ते ताणायचं तर धागाच ताणावा लागतो. होजिअरीत धाग्याच्या कड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. आडवं ओढलं की कडी पसरते आणि उंचीने बुटकी होते. धागा तेवढाच राहतो, आकार बदलतो. म्हणून शर्टाला छातीत लूज ठेवावंच लागतं, पण टी-शर्ट अंगाच्या मापाला बेतला तरी हात वर करता येतो. हे कापड आडवं जास्त ताणतं, उभं कमी. बेतताना ती आडवी दिशा अंगाभोवतीच आली पाहिजे.

आता गळ्याचा हिशेब. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५७ सेंटिमीटर. गळ्याची शिलाई ४८ सेंटिमीटर असेल, तर डोकं आत जाताना तिला सुमारे १९ टक्के ताणावं लागतं. कापड सहज ताणतं, पण सरळ टिपेतल्या दोऱ्याला तेवढी सवड नसते. नागमोडी टीप, म्हणजे झिगझॅग, नेमकी ही सवड देते. टाक्याची लांबी २ मिलिमीटर आणि रुंदी दीड ठेवली, तर तिरका दोरा अडीच मिलिमीटर लागतो. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण तो हाच! म्हणजे शिलाईच्या लांबीपेक्षा पाव पट जास्त दोरा तिच्यात साठवलेला असतो. घरचं पायमशीन फक्त सरळ टीप मारत असेल, तर टाका बारीक ठेवा आणि टीप मारताना कापड पुढून-मागून हलकंसं ताणून धरा. कापड सोडल्यावर तोच जादा दोरा शिलाईत शिल्लक राहतो.

सुईसुद्धा वेगळी लागते. टोकदार सुई धागा छेदू शकते, आणि एक कडी तुटली की तिच्यात अडकलेली पुढची सुटते. टी-शर्टवर शिडीसारखी रेघ पडते ती अशी. दुकानात बॉलपॉइंट सुई मागा. तिचं गोल टोक धाग्यांना बाजूला सारून जातं.

गळ्याची पट्टी गळ्याएवढीच कापली तर ती बाहेर लोंबते, असं अनुभवी हात सांगतात. त्यामागे साधी भूमिती आहे. पट्टी तयार झाल्यावर २ सेंटिमीटर रुंद असेल, तर तिची आतली कड २ सेंटिमीटर कमी त्रिज्येच्या वर्तुळावर बसते. तिथे घेर साडेबारा सेंटिमीटरने कमी होतो. शिलाईपाशी ४८, आत सुमारे ३५, म्हणजे मधोमध ४२ च्या आसपास. पट्टी गळ्याच्या ८५ टक्के कापावी हा नियम इथून येतो. माझ्या मते घरच्या टी-शर्टचं रूप या पट्टीवरच ठरतं; बाही थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाला दिसत नाही.

कात्री लावण्याआधी सुती कापड धुऊन वाळवा. विणताना आणि गुंडाळताना ते लांबीत ओढलेलं असतं. पाण्यात कड्या आपल्या मूळ आकाराकडे येतात आणि कापड आटतं. मग उरलेल्या तुकड्यावर १० सेंटिमीटर टीप आडवी मारा आणि ती १२ सेंटिमीटरपर्यंत ओढून पाहा. तुटली तर झिगझॅगची रुंदी थोडी वाढवा, पुन्हा ओढा, आणि मगच गळा जोडायला घ्या.