पाणकणसाची साक्ष

1990च्या सुमाराची गोष्ट. बँकेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी एका रानाची पाहणी करायला गेलो. सातबाऱ्यावर बागायत, प्रत्यक्षात ऊस कंबरेएवढा आणि पिवळा. मधल्या खोलगट भागात मात्र पाणकणीस पुरुषभर उंच, हिरवंगार, तपकिरी मखमली कणसं मिरवत उभं. रानमालक आजोबा म्हणाले, "सायेब, ह्ये एकदा आलं की रान ग्येलं म्हणायचं." मी मान डोलावली आणि त्यांच्या मुलाने मागितलेलं नव्या मोटारीचं कर्ज मंजूर केलं! ऊस पिवळा म्हणजे पाणी कमी पडतंय, असा माझा शहरी हिशेब. ते कर्ज थकलं.

आता विश्रामबागेत निवांत बसून वनस्पतींची पुस्तकं चाळताना माझी चूक कळते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, म्हणून ती जगतात. पाणी तुंबलं की ती हवा जाते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो. उरलासुरला मुळं आणि जीवाणू लवकरच संपवतात. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात, माती काळी पडते, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. ऊस थोडे दिवस तग धरील. वर्षानुवर्षं कसा धरणार?

पाणकणीस मात्र आपली शिदोरी घरूनच आणतं. त्याचं पान आडवं कापून पाहा, आत पोकळ कप्पेच कप्पे दिसतील. अशा पोकळ्यांतून हवा चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. कमळाचंही तेच. कमळकाकडीच्या चकतीतली भोकं गृहिणींच्या चांगल्या ओळखीची. त्या हवेच्याच वाटा. भाताची तऱ्हा आणखी न्यारी. पाणी तुंबलं की मुळांत इथिलीन वायू साठतो, त्याच्या इशाऱ्याने काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी हवेची वाट होते. थोडा प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो, चिखलातलं लोह गंजतं. भाताच्या मुळांवर तांबूस थर दिसतो, तो त्याचाच.

ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तो पूर सगळ्यांनी पाहिला. तो ओसरलाही. पण उसाला पाजलेल्या जादा पाण्याने जमिनीखाली वर्षानुवर्षं चढत जाणारा पूर दिसत नाही. ते पाणी वर येतं, उन्हाने उडतं आणि क्षार मागे ठेवतं. रान क्षारपड होतं. उपाय आहेत : पाणी बेताने देणं, चर खणणं, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालणं. मात्र निचऱ्याचं पाणी ओढ्याला जायचं, तर वाटेतल्या शेजाऱ्याचीही संमती हवी. एकट्याच्या कर्जाने हे भागत नाही.

पाणकणीस रान बिघडवत नाही. बिघडलेलं रान तेवढं दाखवतं. एखादा तरुण बँक अधिकारी भेटला की मी सांगतो, सातबारा नंतर पाहा, आधी बांधावर उभं राहून काय उगवलंय ते पाहा. आजोबांनी मला हेच सांगितलं होतं. माझ्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.