तबकडीतला गळा आणि मिरजेचा तंबोरा

अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा बारीक आणि नाकातला होता, असं संगीतावर बोलणारे अनेकजण खात्रीने सांगतात. पुरावा काय, तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेली झिंझोटीतली ठुमरी. ज्या मिरजेत खाँसाहेब राहिले, जिथल्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ आजही गायन-वादन होतं, त्या मिरजेतही हेच ऐकू येतं. हा निकाल घाईचा आहे आणि एका थोर गवयावर अन्याय करणारा आहे.

त्यांचा गळा चढा आणि टोकदार होता, यात वाद नाही. पण तबकडीवरचा आवाज म्हणजे गळा अधिक यंत्र. भारतात तबकड्यांचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा; त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. साधारण २०० हर्ट्झच्या खालचं आणि अडीच-तीन हजारांच्या वरचं फारसं काही त्या मेणापर्यंत पोहोचतच नसे. आवाजाचा भरीवपणा खालच्या टोकाला आणि झळाळी वरच्या टोकाला असते. मधला पट्टाच उरला, तर कोणाचाही गळा नाकातलाच वाटणार. १९२५ नंतर विजेवरचं मुद्रण आलं. खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या त्यामुळे पुष्कळ बऱ्या आहेत. तरी लाखेची खरखर वरच्या कंपनांवर पसरलेली असतेच.

दुसरं कारण वेगाचं. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झाल्या, हा समज चुकीचा आहे. वेग कंपनीगणिक बदलायचा. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, लय वाढते आणि गळा आणखी बारीक होतो.

मग तबकडीत खरं काय उरतं? स्वरांतलं अंतर. वेग चुकला तरी सगळे स्वर एकाच प्रमाणात सरकतात, म्हणून गंधार आणि षड्ज यांचं नातं तसंच राहतं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच नात्याचा ध्यास घेतला होता. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघालं, आणि त्या संशोधनात त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. म्हणजे श्रुतींसाठी तबकडी विश्वासाची, आवाजाच्या पोतासाठी नाही.

तंबोऱ्याचं नुकसान तर सर्वांत मोठं. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला कारागीर घोडीचा माथा कानसीने किंचित उतरता घासतो, मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो. एका जागी तार मुकी असते. तिथून जरा हलवला की तीच तार खुलते आणि तिच्यातून एकामागून एक वरचे स्वर निघू लागतात. हीच जवारी. काळी एकला षड्ज धरला, तर खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झवर हलते. भोंग्याला ती ऐकूच येत नसे. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खर्ज ताडतो खरा, पण त्याची घुमारी कानाला मिळत नाही.

‘जुने गवई तीन मिनिटांत राग संपवत’ हाही असाच भ्रम. तेवढी मर्यादा तबकडीच्या एका बाजूची होती, गवयाची नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेल्या संगीत महोत्सवात बसावं. तिथे विलंबित ख्यालाची मांडणीच कितीतरी वेळ चालते.

उलट टोकाचा समजही आहे: मैफलीत ऐकतो ते निखळ. मोठ्या मांडवात मागच्या रांगेला मिळतो तो मायक्रोफोन, मिक्सर आणि स्पीकर यांतून गाळून आलेला आवाज. ध्वनिमुद्रिकेइतकाच तोही यंत्राचा असतो.

यंत्रांबद्दलचे आणखी काही समज. ‘जोरात वाजलं की चांगलं वाजलं’: आवाज वाढवला की आपल्या कानाला खर्ज तुलनेने जास्त जाणवतो, एवढंच. ‘सीडी कमी स्वर पकडते’: सीडी सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंत जाते, तरुण कान सुमारे २० हजारांपर्यंत. ‘ऑटोट्यूनने कोणीही गवई होतो’: ते यंत्र सूर जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढतं. कडक लावलं, तर मींडेचे पायऱ्यांसारखे तुकडे पडतात, आणि ख्यालगायकाला ते चालत नाही.